ओळखीचं पार्सल

मामांना रांग बघवत नसे. बँक असो, दवाखाना असो, विजेचं बिल भरायची खिडकी असो, ते रांगेकडे पाठ करून आधी आत डोकावत. कोणी ओळखीचं दिसलं तर मागच्या दारानं आत. नाही दिसलं तर दारावरच्या शिपायाशी ओळख काढत. "तुम्ही मूळचे कुठले?" इथून सुरुवात करून पाऊण तासात ते शिपायाच्या चुलत मेहुण्यापर्यंत जाऊन भिडत. तेवढ्यात रांगेतली चाळीस माणसं आपापली कामं उरकून घरी जेवायला बसलेली असत, पण त्याचं मामांना काही नव्हतं. काम उशिरा झालं तरी चालेल, ते ओळखीनं झालं पाहिजे.

हा रोग एकट्या मामांचा नव्हे, घराण्याचा होता. मामांच्या थोरल्या बहिणीला, म्हणजे ताईंना, तो अंमळ जास्तच होता. ओळखीच्या शिंप्याकडे टाकलेली मामांची पँट आठ महिन्यांनी शिवून आली, तोवर मामांचं पोट दोन बोटं पुढं गेलं होतं. ओळखीच्या डॉक्टरनं ताईंचा गुडघा पैसे न घेता तपासला, म्हणजे तपासलाच नाही, "तुम्ही घरच्या, तुम्हाला काय धाड भरलीय?" म्हणून हसून चहा पाजला आणि परत पाठवलं. नाटकाचे ओळखीतून मिळालेले पास खांबामागचे निघाले. दोन्ही भावंडांनी तीन अंक नुसते कानांनी पाहिले आणि घरी येऊन चार शेजाऱ्यांना सांगितलं की आम्हाला तिकीट काढावं लागलं नाही. गुडघा अजून दुखतो. पण "ओळखीतले डॉक्टर आहेत" असं म्हणताना ताईंचा चेहरा असा काही खुलतो की बघणाऱ्यानं आपल्या धडधाकट गुडघ्याची लाज बाळगावी.

मामा टपालखात्याच्या छाननी केंद्रात चौतीस वर्षं होते. आलेली पार्सलं गावांप्रमाणे वेगळी करायची, गोणीत भरायची, गोणीचं तोंड शिवायचं, असं काम. लग्न केलं नाही. विचारलं तर म्हणत, सवड झाली नाही. निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. ताई, ताईंची मुलगी आणि मामा असे तिघं दुसऱ्या मजल्यावरच्या तीन खोल्यांत राहत. ताईंचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि भाचीला मामांनीच वाढवलं होतं. आळीतलं कोणाचंही पार्सल मामांना दाखवल्याशिवाय पोस्टात जात नसे. लोक पार्सल घेऊन वर येत. मामा ते हातात घेऊन वजन करत, कानाशी धरून हलवत, गाठ बघून "च्‌च्‌" करत आणि सगळी दोरी सोडून पुन्हा बांधत. निवृत्त माणसाला एवढा मान पुष्कळ झाला.

भाची एकतीस वर्षांची होती. बाइंडिंगच्या दुकानात मागच्या अंधाऱ्या खोलीत बसून ती विद्यार्थ्यांच्या प्रबंधांना एकाच रंगाचे पुठ्ठे आणि सोनेरी अक्षरं चिकटवायची. नऊ वर्षं तोच रंग आणि तीच अक्षरं. पण रद्दीवाल्याकडून आणलेली जुनी, कसर लागलेली पुस्तकं घरी दुरुस्त करायची विद्या तिनं आपली आपण मिळवली होती, आणि ती विद्या खरी होती. मोठ्या शहरातल्या सरकारी ग्रंथालयाच्या दुरुस्ती विभागात एका जागेची जाहिरात निघाली तेव्हा तिनं ती कापून उशीखाली ठेवली. जागा एकच होती. वयाची अट बत्तीसच्या आत, आणि अर्जाची मुदत संपेल तेव्हा तिला बत्तीस पूर्ण व्हायला दोनच महिने उरणार होते. पुढची जाहिरात निघेपर्यंत ती वयात बसणार नव्हती.

अर्जासोबत स्वतः दुरुस्त केलेलं एक पुस्तक नमुना म्हणून पाठवायचं होतं. तिनं झाडपाल्याच्या औषधांवरचं एक शंभरेक वर्षांपूर्वीचं पुस्तक निवडलं. पानापानाला चाळणी झालेली, कणा निखळलेला. तीन महिने तिनं त्यावर डोळे फोडले. एकेक भोक पातळ कागदानं आणि खळीनं बुजवलं, जुनी शिलाई उसवून नवी घातली, मूळचं कातडं सोलून परत त्याच्याच जागी बसवलं. दुरुस्ती झालीय हे कळू नये अशी दुरुस्ती. दुसरा नमुना करायचा म्हटला तर आणखी तीन महिने.

नियमात लिहिलं होतं: नमुना गुरुवारी संध्याकाळी पाचच्या आत टपालानेच पोचला पाहिजे, समक्ष आणून दिलेला घेतला जाणार नाही. वशिल्याची माणसं दारात उभी राहू नयेत म्हणून हा नियम असणार. ताईंनी तो वाचून पहिलाच प्रश्न विचारला, "मग तिथं आपल्या ओळखीचं कोण आहे?"

सोमवारी सकाळी भाची टेबलावर पुस्तकाचं खोकं बांधत होती.

"जाता जाता पोस्टात टाकते," ती म्हणाली. "जलदनं. दोन दिवसांत पोचतं. बुधवारी तिथं असेल, एक दिवस हाताशी राहतो."

मामांनी कप खाली ठेवला. "दोन दिवसांत पोचतं असं तुला कोण म्हणालं?"

"खिडकीवर पाटी आहे, मामा."

"पाटी रंगवणाऱ्याला काय, सांगितलं ते लिहिलं. मला विचार ना, चौतीस वर्षं आत होतो मी." मामा पाटावर मांडी ठोकून बसावं तसे खुर्चीवर सरसावून बसले. "हे बघ. साधी सेवा म्हणजे पार्सल गोणीत. जलद सेवा म्हणजे पार्सल त्याच गोणीत, पण वर लाल चिठ्ठी. आणि अतिजलद म्हणजे पार्सल त्याच गोणीत, वर लाल चिठ्ठी, आणि तुझ्या हातात नंबरचा कागद. का, तर पार्सल हरवल्यावर रडताना हातात धरायला काहीतरी असावं."

"मग पाठवू कसं?"

"चौथा मार्ग असतो. तो पाटीवर लिहीत नाहीत."

मामांचं बोलणं चार वर्षांपूर्वीपर्यंत थोडंफार खरंही होतं. पण माणूस नोकरीतून निघतो तेव्हा त्याच्या मते ते खातं त्या दिवशी घड्याळ थांबवून बसतं. मागून तिथं मशीनं आली, गोण्या गेल्या, लाल चिठ्ठीऐवजी काळ्या रेघांचं लेबल आलं, हे मामांना ऐकून ठाऊक होतं. त्यावर त्यांचा विश्वास नव्हता इतकंच.

"मामा, मी आपली रांगेत उभी राहून पाठवते. दहा मिनिटांचं काम आहे," भाची म्हणाली.

आतून ताई बाहेर आल्या. "घरात एवढा जाणता माणूस असताना तू रांगेत उभी राहणार? उद्या कोणी बघितलं तर काय म्हणेल? आणि आयुष्याचा प्रश्न आहे तुझ्या. असलं काम परक्याच्या हातात देतात का?"

भाचीनं मामांकडे पाहिलं. मामांचा चेहरा उजळला होता. चार वर्षं शेजाऱ्यांच्या दोऱ्या सोडून बांधणाऱ्या माणसाला आज खरंखुरं काम मिळू घातलं होतं. तिला कामावर उशीर होत होता, आणि ज्यानं लहानपणी आपल्याला खांद्यावर बसवून शाळेत सोडलं त्याला नाही म्हणायचं कसं, हेही होतंच. तिनं खोकं मामांच्या हातात दिलं.

"गुरुवार, पाच वाजता, मामा. शुक्रवारी पोचलं तर ती रद्दी."

"अगं, बुधवारी सकाळी त्यांच्या टेबलावर असेल," मामा म्हणाले.

मामा इस्त्रीचा सदरा घालून दोन बस बदलत छाननी केंद्रावर गेले. फाटकावर नवा पहारेकरी होता. त्यानं मामांना वहीत नाव लिहायला लावलं, येण्याचं कारण या रकान्यासकट. मामांनी कारण लिहिलं, 'घरचे'. आत मुकादम भेटला. गोणीची गाठ मारायला मामांनीच त्याला शिकवलं होतं. आता गोणीही नव्हती आणि गाठही नव्हती, पण गुरू तो गुरू. त्यानं मामांना वाकून नमस्कार केला, खुर्ची दिली, चहा मागवला. समोर लांबलचक काळ्या पट्ट्यावरून पार्सलं एकामागून एक सरकत होती आणि आपापल्या तोंडाशी आल्यावर आपली आपण खाली घसरत होती.

"पार्सलं स्वतःच्या पायांनी चालायला लागली वाटतं," मामा तुच्छतेनं म्हणाले.

"म्हणूनच म्हणतो, तुमचं पार्सल मी त्याच्यावर टाकणार नाही," मुकादम म्हणाला. "आदळतं हो. आणि एकदा का नंबर चिकटला की मशीन ते घेऊन पळतं, मग आपल्या हातात काही राहत नाही. बुकिंगच नको. उद्याच्या गाडीवर आपला माणूस आहे. त्याच्या हातात देतो, तो तिथल्या आपल्या माणसाच्या हातात देईल. हातोहात."

"हातोहात" हा शब्द ऐकून मामांना इतकं बरं वाटलं की ते आणखी अर्धा कप चहा प्यायले. उठताना त्यांनी जपायला सांगितलं. मुकादमानं जपतो म्हणून सांगितलं, आणि दुर्दैवानं त्यानं शब्द पाळला.

संध्याकाळी भाचीनं घरात पाऊल टाकताच विचारलं, "पाठवलं? नंबर काय?"

"नंबर परक्यांना देतात," मामा म्हणाले.

मंगळवारी संध्याकाळी तिनं पुन्हा विचारलं. मामांनी तिच्यासमोरच मुकादमाला फोन लावला. पलीकडून खणखणीत आवाज आला, "मामा, तुम्ही अगदी निर्धास्त राहा. पार्सल एकदम सुरक्षित आहे."

"बघ, सुरक्षित आहे," मामांनी फोन ठेवत सांगितलं.

"पण कुठं आहे?"

हे मामांनी विचारलं नव्हतं. एवढं करणाऱ्या माणसाला 'कुठं आहे' विचारायचं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवायचा. ताईंनीही मुलीलाच दटावलं की माणसानं इतकं संशयी असू नये.

बुधवारी सकाळी भाचीचे डोळे सुजले होते. तिनं चहाला हात लावला नाही. एरवी ती वर मान करून बोलत नसे. त्या दिवशी बोलली.

"नंबर नाही, पावती नाही, कुठं आहे माहीत नाही. यापेक्षा मी ते रस्त्याच्या कडेला ठेवून दिलं असतं, मामा, तर कोणीतरी वरचा पत्ता वाचून नेऊन तरी दिलं असतं."

ताई ओरडल्या, "मामाशी असं बोलतात?"

 तिचं बोलणं मामांना लागलं, आणि लागलं याचं कारण रात्रभर त्यांनाही तेच वाटत होतं. "तू कामावर जा. मी बघून येतो," असं ते इतक्या लहान आवाजात म्हणाले की ताईंनीही चमकून पाहिलं.

साडेनवाला ते केंद्रावर पोचले. मुकादम हसतमुखानं पुढं आला.

"पार्सल? आहे की! म्हटलं ना, एकदम सुरक्षित."

"आहे म्हणजे? इथंच आहे?"

"मग! मामांचं पार्सल मी इकडेतिकडे जाऊ देईन काय?"

 मग हळूहळू सगळी कथा बाहेर आली. गाडीवरच्या 'आपल्या माणसाची' पाळी मंगळवारी बदलली. त्याच्या जागी आलेला माणूस अनोळखी. आता अनोळखी माणसाच्या हातात मामांची वस्तू कशी द्यायची? म्हणून मुकादमानं ती हेडक्लार्कच्या स्वाधीन केली. हेडक्लार्कही मामांना मानणारा. त्यानं उंदीर-घुशींची भीती नको म्हणून ती आपल्या लोखंडी कपाटात ठेवली, वर कागद चिकटवला, 'मामांचे. कोणीही हात लावू नये', आणि कपाटाला कुलूप लावलं. त्या कचेरीत आजवर निघालेल्या हुकमांपैकी अक्षरशः पाळला गेलेला हा एकच हुकूम असावा. सोमवारपासून त्या पट्ट्यावरून काही हजार पार्सलं देशाच्या चारी टोकांना गेली होती. कुणाची जुनी चप्पल गेली, कुणाचा परत पाठवलेला सदरा गेला, ज्यांना कुत्रंसुद्धा ओळखत नाही अशा लोकांची खोकी मुक्कामाला पोचून उघडूनही झाली. हललं नव्हतं ते एक मामांचं.

"काढ," मामा म्हणाले. "आत्ताच्या आत्ता काढ."

"किल्ली हेडक्लार्कच्या खिशात. त्यांची आज सुट्टी." मुकादमाला आता घाम फुटला होता. "दुसरी किल्ली साहेबांकडे आहे, पण..."

पण काय, ते साहेबांच्या खोलीत कळलं. साहेब तिशीचे होते आणि त्यांनी मामांचं नावही ऐकलं नव्हतं. नोंद न झालेली वस्तू सरकारी कपाटात आलीच कशी, हा त्यांचा पहिला प्रश्न. मुकादम छताकडे बघू लागला. शेवटी साहेबांनी लेखी अर्ज मागितला. मामांनी खाली बसून अर्ज लिहिला. 'माझ्या भाचीचे पार्सल मी खिडकीवर न देता ओळखीने आत दिले' हे वाक्य लिहिताना पेन दोनदा अडलं. चौतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी स्वतःविरुद्ध असा कागद कधी लिहून दिला नव्हता.

साहेबांनी अर्ज वाचला. "आजोबा," ते अगदी सभ्यपणे म्हणाले, "हे सोमवारी खिडकीवर दिलं असतंत तर आज सकाळी पोचलं असतं."

शिव्या दिल्या असत्या तर मामांनी उलट उत्तर तरी दिलं असतं. सभ्य माणसापुढं काय बोलणार?

किल्ली सापडली, कुलूप उघडलं, खोकं हातात आलं तेव्हा अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. त्याच इमारतीच्या पुढच्या अंगाला लोकांसाठीची खिडकी होती. मामा धावतच पुढं गेले. खिडकीपुढं नऊ माणसं होती. वर पाटी होती. साधी: सहा ते आठ दिवस. जलद: दोन दिवस. अतिजलद: दुपारी बाराच्या आत दिल्यास दुसऱ्या दिवशी. इतक्या वर्षांत मामा या बाजूनं कधी उभे राहिले नव्हते. पाटी त्यांनी पहिल्यांदाच वाचली.

मुकादम मागून आला आणि कानाशी लागला. "मामा, रांगेत कशाला उभे राहता? मागच्या दारानं या, आत आपली पोरगी आहे, मी सांगतो तिला."

"पाया पडतो तुझ्या," मामा म्हणाले, "पण तू आता कोणाला काही सांगू नकोस."

ते दहावे उभे राहिले. पुढच्या माणसाला तीन पाकिटं पाठवायची होती आणि त्यातल्या एकावर पत्ताच नव्हता. एका बाईला सुट्टे पैसे हवे होते. एका म्हाताऱ्यानं खिडकीवरच्या मुलीला "तुम्ही मूळच्या कुठल्या?" असं विचारायला सुरुवात केली तेव्हा मामांना त्याचा गळा दाबावासा वाटला. घड्याळ पुढं सरकत होतं. ते खोकं त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी धरलं होतं आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांना आपण कोणीच नाही याची भीती वाटत नव्हती. भीती एवढीच होती, की नंबर यायच्या आत बारा वाजतील.

नंबर आला. मुलीनं वर न बघता विचारलं, "कोणत्या सेवेनं?"

"जी पोचते तिनं."

"सगळ्याच पोचतात, काका. कधी हवंय?"

"उद्या. पाचच्या आत." मामांनी खोकं खिडकीतून पुढं सरकवलं. "पोरीच्या नोकरीचं आहे हो. कोणत्या सेवेनं टाकू ते तुम्हीच सांगा."

"अतिजलद. अकरा बावन्न झालेत, बाराची गाडी मिळेल." तिनं लेबल काढलं, चिकटवलं, पावती फाडून दिली आणि ते तीन महिन्यांचं काम मागं न बघता पाठीमागच्या पट्ट्यावर भिरकावलं. ते धप्पकन आदळलं.  पण खोकं क्षणभर डगमगलं, सरळ झालं आणि इतर पन्नास खोक्यांच्या मधून चालायला लागलं. कोणी त्याला ओळखलं नाही, कोणी त्याला अडवलं नाही. मामा ते दिसेनासं होईपर्यंत खिडकीत उभे राहिले, तेव्हा मागच्या माणसानं "अहो, सरका की" म्हटलं.

संध्याकाळी त्यांनी पावती भाचीच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. कपाट, कागद, अर्ज, काही लपवलं नाही. ताई खाली गेल्या होत्या. भाचीनं पावतीवरची वेळ वाचली.

"हे सोमवारी मीच केलं असतं, मामा."

"हो."

 मामांना वाटत होतं, तिनं ओरडावं, भांडावं, चार दिवस अबोला धरावा. तिनं पावती परत त्यांच्या हातात ठेवली, आणि पावतीवरचा नंबर मात्र आधी स्वतःकडे लिहून घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेअकराला दुकानातून तिचा फोन आला. "पोचलं," एवढंच म्हणाली. मामा फोन ठेवून न्हाणीघरात गेले आणि नळ सोडून रडले. साठी उलटलेल्या माणसाला रडायलासुद्धा ओळखीची जागा लागते.

महिन्याभरात ग्रंथालयाचं पत्र आलं. तिची निवड झाली होती. दुरुस्ती झालेलं पान कुठलं आणि मूळचं कुठलं हे परीक्षकांना भिंगाखालीही नीट सांगता आलं नाही, असं पत्रात लिहिलं होतं. ताईंनी ते वाक्य वाचलं आणि बाजूला ठेवलं. आळीत त्यांनी जे सांगितलं ते वेगळंच होतं. "मामाची ओळख होती म्हणून! पार्सल हातोहात गेलं. नाहीतर एवढ्याशा मुदतीत पोचतं का कुणाचं?" तीन महिने पोरीनं डोळे फोडले होते ते कुणाच्या गावीही नव्हतं. भाची ऐकत होती आणि आपली पेटी भरत होती. मामांनी दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा मिटलं. भित्रेपणा दुसरा काय असतो?

तिच्या जाण्याच्या आदल्या दिवशी सकाळी पहिल्या मजल्यावरची शेजारीण एक डबी घेऊन वर आली. परगावी असलेल्या मुलाचा चष्मा घरी राहिला होता, आणि परवा त्याची परीक्षा होती.

"मामा, एवढं तुमच्या ओळखीनं पाठवा."

मामांनी भाचीकडे पाहिलं. ती कपड्यांची घडी घालत होती, तिनं मान वर केली नाही.

"ओळखीनं नका पाठवू," मामा म्हणाले. "खिडकीवर द्या. अतिजलद. बाराच्या आत."

शेजारीण हसली. "थट्टा करता का गरिबाची? ते तर सगळेच करतात."

"सगळ्यांचंच पोचतं."

शेजारणीचं हसू मावळलं. ती डबी घेऊन निघाली आणि जिन्यात, वर नीट ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "भाचीचं काम झालं ना! आता आम्ही कोण?"

ताईंचा पारा चढला. "दारी आलेल्या बाईला असं घालवतात? एवढीशी डबी! काय जड होती?"

तेव्हा मामांनी एका दमात सगळं सांगून टाकलं. ओळखीनं पार्सल दोन दिवस केंद्रातच कसं कुजत पडलं ते, आणि रांगेत उभं राहून ते एका दिवसात कसं पोचलं ते. खिशातून पावती काढून त्यांनी टेबलावर ठेवली. "आई, मामा खरं सांगताहेत," भाचीही म्हणाली.

ताईंनी चष्मा लावला. पावती उलटसुलट करून पाहिली. मामांना वाटलं, आता ताई मुलीकडे वळतील, तिच्या जवळजवळ गेलेल्या नोकरीबद्दल काहीतरी म्हणतील. त्यांनी उठून आधी जिन्याचं दार लावलं.

"ही फाडून टाक," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "पैसे भरले की कुणाचंही पोचतं, हे लोकांना कळलं तर आपल्याकडे येईल कोण?"

भाचीनं पेटीचं झाकण धाडकन बंद केलं.  मामांनी पावती उचलून खिशात ठेवली, चपला घातल्या, एक मजला उतरून शेजारणीचं दार वाजवलं आणि डबी मागून घेतली.

"बघतो," ते म्हणाले, "तिथं एक ओळखीची आहे."

शेजारणीचा चेहरा फुलला. अकराला मामा खिडकीपुढं चौदावे उभे होते.